काट्यावरचे वजन आणि कमरेची दोरी
(रक्तदाब असलेल्या सभासदांसाठी एक आरोग्य-पाठ)



आपल्या अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात आत गेले की बाजूच्या एका लहान गाभाऱ्यात हारिती आणि पांचिक यांच्या मूर्ती शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात. पाचव्या शतकातले काम आहे. पांचिक हा यक्ष, आणि यक्ष म्हणजे धनाचे राखणदार. म्हणून शिल्पकाराने त्याला भरल्या अंगाचा, पोट पुढे आलेला असा घडवला आहे. या गोष्टीला दीड हजार वर्षे झाली, पण पोटाकडे बघायची आपली नजर काही बदललेली नाही. विहिरीला पाणी लागले, ऊस उभा राहिला, दोन पैसे हातात आले, की माणसाचे पोट थोडे सुटते आणि पाहुणेरावळे कौतुकाने म्हणतात, "मानवलं बरं का तुम्हाला!" पोट न सुटलेल्या माणसाला उलट विचारतात, "काय हो, तब्येत बरी नाही का?"

या मानवण्याविषयीच आज चार गोष्टी सांगायच्या आहेत. विशेषतः ज्या सभासदांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, किंवा 'बीपी आहे' असे डॉक्टरांनी सांगूनही ज्यांनी ते मनावर घेतलेले नाही, त्यांनी हा पाठ सावकाश वाचावा आणि घरात मोठ्याने वाचून दाखवावा.

ऊस घेऊन गाडी काट्यावर आली की वजन होते. पण वजनावरून त्या उसात साखर किती हे कळते का? नाही. त्यासाठी रस काढून प्रयोगशाळेत तपासावा लागतो, तेव्हा उतारा कळतो. दोन फडांचे टनेज सारखे आणि उताऱ्यात मात्र अंतर, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. माणसाचेही तसेच असते. दोन सभासद धरा. दोघांची उंची १६८ सेंटीमीटर, दोघांचे वजन ७० किलो. दवाखान्यातला वजनकाटा दोघांना एकाच रांगेत बसवतो. पण एकाची कंबर ८४ सेंटीमीटर आणि दुसऱ्याची ९८. रक्तदाब दोघांनाही असेल, तर आतल्या अवयवांना धोका दुसऱ्याला जास्त. काट्याला हा फरक दिसत नाही. शिंप्याच्या टेपला दिसतो.

वजन आणि उंची यांचा हिशेब घालण्याची पद्धत जुनी आहे. बेल्जियमच्या केटले नावाच्या गणितज्ञाने ती १८३० च्या दशकात मांडली. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचे, येईल तो आकडा. यालाच १९७२ साली अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले आणि तेव्हापासून दवाखान्यात 'बीएमआय' चालू झाला. हा आकडा वाईट नाही, पण त्याला चरबी आणि मांस यातला भेद कळत नाही. तालमीतला ९५ किलोचा पैलवान त्याच्या लेखी लठ्ठच! आणि चरबी मांडीवर आहे की पोटात, हेही त्याला कळत नाही. हा दुसरा दोष जास्त महत्त्वाचा. फ्रान्समधल्या मार्सेच्या जाँ वाग या डॉक्टरांनी १९४७ सालीच सांगितले होते की चरबी किती यापेक्षा ती कुठे साठली यावर आजार ठरतात. त्यांचे म्हणणे जगाने मनावर घ्यायला बरीच वर्षे लागली.

आपल्या लोकांच्या बाबतीत तर काट्याने जास्तच फसगत होते, आणि हे दाखवून दिले ते आपल्या पुण्यानेच. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे दोघेही सडसडीत. पण चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि आपल्या डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीदार, अशी ही आपली ठेवण. ती जन्मापासूनच असते, असेही याज्ञिकांच्या मंडळींनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून केलेल्या कामातून पुढे आले. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे लहान खरी, पण त्यांच्यात कमतरता मांसाची होती, चरबीची फारशी नव्हती.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशभरातल्या एक लाखाहून अधिक प्रौढांना तपासले होते. बीएमआयच्या हिशेबाने लठ्ठ निघाले २८.६ टक्के; पण पोटाच्या घेराच्या हिशेबाने लठ्ठ निघाले ३९.५ टक्के. म्हणजे शंभरात दहा-अकरा माणसे अशी, की काटा म्हणतो ठीक आहे आणि टेप म्हणते ठीक नाही. त्याच पाहणीत रक्तदाब ३५.५ टक्के लोकांना निघाला.

आता कुणी म्हणेल, पोटातली चरबी आणि रक्तदाब यांचा संबंध काय? चरबी म्हणजे कोठारात थप्पी लावलेले पोते, पडले आहे तर पडू द्या, असे आपल्याला वाटते. पण ती पोत्यासारखी गप्प पडून राहत नाही. चिमटीत धरता येते ती कातडीखालची चरबी एक, आणि आतड्यांभोवती, यकृतात, मूत्रपिंडांभोवती साठते ती दुसरी. ही दुसरी उपद्व्यापी. ती रक्तात असे काही पदार्थ सोडते की ज्यांनी रक्तवाहिन्या आवळल्या जातात. इन्शुलिनला ती जुमानू देत नाही. मूत्रपिंडांना बाहेरून दाबते, त्यामुळे ती मीठ आणि पाणी बाहेर टाकायचे ते धरून ठेवतात. वाहिन्या आवळलेल्या आणि वर पाणी जास्त, मग दाब वाढणार नाही तर काय होईल?

ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना पुढचे सांगायला नको. मोटारीचा दाब प्रमाणाबाहेर गेला की मुख्य पाइप लगेच फुटत नाही. आधी जोड सुटू लागतात, फिल्टरच्या जाळीवर ताण येतो, शेवटच्या नळीला कुठेतरी बारीक भोक पडते. वरून शेत हिरवे दिसत असते. रक्तदाबही असाच बिनबोभाट काम करतो. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून माणूस म्हणतो, मला काय झालंय? आणि आत चार ठिकाणी झीज चालू असते.

पहिले ठिकाण हृदय. जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलायचे म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्याला रोज जादा काम. जोर काढून दंड जाड होतो तशी त्या कप्प्याची भिंत जाड होते. दंड जाड झाला तर बरे, पण हृदयाची भिंत जाड होणे बरे नव्हे. ती ताठरते, नीट सैल होत नाही, तिला स्वतःलाच रक्त कमी पडू लागते. पुढे दम लागतो, ठोके चुकतात. ईसीजीत याची खूण कधी दिसते, कधी दिसत नाही. टू-डी इको तपासणीत भिंत मिलिमीटरमध्ये मोजता येते.

दुसरे मूत्रपिंड. यावर जरा थांबू, कारण आपल्या भागात याविषयी गैरसमज फार. एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. दाबाने त्या गाळण्यांची जाळी विरळ होते आणि रक्तात राहायला हवे ते प्रथिन, अल्ब्युमिन, थेंबाथेंबाने लघवीत उतरते. सुरुवातीला इतके थोडे, की साध्या लघवी तपासणीत सापडतही नाही. त्यासाठी सूक्ष्म अल्ब्युमिनची वेगळी तपासणी करावी लागते. रिपोर्टवर 'मायक्रो-अल्ब्युमिन' किंवा अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर असे लिहिलेले असते. हे गुणोत्तर ३० च्या वर गेले की समजायचे, जाळीला धक्का लागला. आपण काय करतो? रक्तातले क्रिएटिनिन तपासून घेतो, ते 'नॉर्मल' आले की पेढा वाटल्यासारखे खूष होतो. पण मूत्रपिंडांचे जवळजवळ निम्मे काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मलच्या आत राहू शकते. निम्मे गेल्यावर कळून काय उपयोग? डायलिसिसची वेळ आली म्हणजे आठवड्यातून दोन-तीन वेळा जाणे-येणे आणि दर वेळी घरातला एक माणूस सोबत. उसाचे बिल कुठे जाते ते मग विचारू नका.

तिसरे ठिकाण डोळ्याचा पडदा. शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या काही चिरफाड न करता प्रत्यक्ष बघता येतात अशी ही एकच जागा. डोळ्यात थेंब टाकून, बाहुली मोठी करून डॉक्टर पडदा बघतात. वाहिन्या आवळलेल्या, एकमेकींना दाबणाऱ्या, कुठे रक्ताचा ठिपका, अशा खुणा तिथे सापडतात. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे पडदा तपासणे नव्हे, हे ध्यानात ठेवा. चौथे ठिकाण मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या रोहिणी. त्यांचे अस्तर जाड होते, त्या कडक होतात, आणि एक दिवस अर्धांगवायूचा झटका येतो. त्याला आपण 'वारं गेलं' म्हणतो. वाऱ्याचा त्यात काही दोष नसतो.

कमरेचा घेर इथे कुठे आला? २००५ साली ५२ देशांतल्या सुमारे २७ हजार लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हृदयविकाराच्या झटक्याशी बीएमआयपेक्षा कंबर आणि नितंब यांच्या घेरांच्या गुणोत्तराचा संबंध कितीतरी घट्ट निघाला. रक्तदाबाच्या रुग्णांवर देशोदेशी झालेल्या पाहण्यांतही पोटाचा घेर जास्त त्यांच्यात हृदयाची भिंत जाड होणे आणि लघवीत अल्ब्युमिन जाणे जास्त आढळले आहे. २०१२ साली अमेरिकेतल्या क्राकाउर पिता-पुत्रांनी एक नवा आकडा काढला, त्याला देहाकृती निर्देशांक म्हणता येईल. वजन आणि उंची सारखी असताना कंबर किती जास्त, एवढेच तो सांगतो. चौदा हजारांवर अमेरिकन माणसांच्या नोंदींवरून त्यांनी दाखवले की हा आकडा जास्त त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण जास्त होते. मात्र त्याचे गणित घातांकांचे आहे, ओट्यावर बसून करण्यासारखे नाही. शिवाय कोणता निर्देशांक कोणत्या अवयवाबद्दल जास्त खरे सांगतो यावर तज्ज्ञांचे अजून एकमत नाही. आमच्या मते सभासदांनी त्या वादात पडू नये. आपल्याला दोरी पुरे.

दोरी अशी. एक सुतळी घ्या. भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि डोक्यापासून टाचेपर्यंत आपल्या उंचीएवढी ती कापून घ्या. मग ती बरोबर दुहेरी करा. ही दुहेरी सुतळी पोटाभोवती फिरवा. दोन्ही टोके सहज मिळाली तर ठीक. मिळत नसतील, तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे, म्हणजे धोक्याच्या बाजूला आहे. पुरुष असो की बाई, उंच असो की बुटका, ही एकच कसोटी सगळ्यांना चालते.

टेपने मोजायचे तर आपल्या लोकांसाठी मर्यादा ठरलेली आहे : पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच; बायकांची ८० सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. पण मोजायचे कुठे यात सगळी गंमत आहे. पॅन्टचा नंबर म्हणजे कंबर नव्हे! पोट वाढले की पॅन्ट, धोतर, पायजम्याची नाडी सगळे पोटाच्या खाली सरकते आणि माणूस वीस वर्षे छातीठोकपणे सांगतो, "आपला नंबर अजून चौतीसच." शेवटच्या बरगडीचे टोक आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ, या दोहोंच्या मधोमध टेप फिरवायची. अंगावर कपडा नको. पोट आत ओढायचे नाही. श्वास सहज बाहेर सोडायचा आणि आकडा वाचायचा. बायकांनी परकराची नाडी सैल करून दुसऱ्या बाईकडून मोजून घ्यावे.

हे काम सरकारी यंत्रणाही करते. गावातल्या आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचा एक फॉर्म भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, व्यायाम, घराण्यातला आजार यांबरोबर कमरेचा घेर असतो. पुरुषाची कंबर ९१ ते १०० सेंटीमीटर असेल तर एक गुण, शंभराच्या वर दोन; बाईची ८१ ते ९० असेल तर एक, नव्वदच्या वर दोन. एकूण गुण चारपेक्षा जास्त झाले तर त्या माणसाला तपासणीला आधी पाठवतात. गुण जास्त म्हणजे धोका जास्त, हे परीक्षेच्या उलट! आशाताई टेप घेऊन दारात आल्या की पुष्कळ घरांत पुरुष मंडळी मळ्याची वाट धरतात, असे ऐकतो. तसे करू नका.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. कंबर बारीक म्हणजे रक्तदाब नाही, असा उलटा अर्थ कुणी काढू नये. फडात कोयता चालवणाऱ्या ऊसतोड कामगाराच्या अंगावर चरबी नसते, तरी त्यालाही रक्तदाब असू शकतो. तंबाखू, मशेरी, मीठ, अपुरी झोप ही कारणे आहेतच. रक्तदाब मोजल्याशिवाय कळत नाही. आणि मोजायचा तोही नीट : अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको, पाच मिनिटे पाठ टेकून गप्प बसावे, हात टेबलावर छातीच्या उंचीला, सदऱ्याची बाही वर. दोनदा मोजावा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्यावा, नाहीतर आकडा उगाच जास्त येतो. १४० आणि ९० या आकड्यांच्या वर वारंवार गेला तर रक्तदाब आहे असे धरतात.

उपायांविषयी थोडक्यात, कारण ते सगळ्यांना तोंडपाठ आहेत आणि कुणी करत नाही. वजन एक किलो उतरले तर रक्तदाब साधारण एक अंकाने उतरतो; २५ चाचण्यांचा एकत्र हिशेब २००३ साली प्रसिद्ध झाला, त्यातून हे निघाले. एक अंक म्हणजे फार वाटत नाही, पण पाच-सहा किलो उतरले तर गोळीला चांगली मदत होते. नुसते पोट कमी करायचा व्यायाम नसतो. सगळ्या अंगाने हालचाल झाली की पोटातली चरबी आधी हलते. पूर्वी बारे द्यायला रात्रभर सरीतून फिरावे लागे. आता मोटार मोबाईलवरून चालू होते आणि बांधापर्यंत मोटारसायकल जाते. फडाला एक फेरी रोज पायी मारावी. मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, त्यात ठेचा, लोणचे, पापड सगळे आले. राहिली साखर. कारखान्याचे पत्रक साखर कमी खा म्हणते याचे हसू येईल, पण दिवसातून आठ चहा आणि प्रत्येकात दोन चमचे, हा खप आम्हाला सभासदाच्या पोटातून नको आहे.

गोळीची गोष्ट वेगळी. 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळी बंद करू नका. बरे वाटते आहे ते गोळीमुळे. महाराष्ट्रात सातारा, भंडारा, वर्धा आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत २०१८ पासून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम सुरू झाला. त्याचे सूत्रच हे, की ठराविक गोळ्या, महिनाभराच्या एकदम, जवळच्या सरकारी दवाखान्यात, आणि कोण आला नाही त्याची नोंद. औषध नेमाने घेतले तर हृदयाची जाड भिंत काही अंशी उतरते आणि लघवीतले अल्ब्युमिनही कमी होते. म्हणून तर लवकर तपासायचे. आणखी एक : गुडघे-कंबर दुखते म्हणून दुकानातून दुखीच्या गोळ्या आणून रोज खाण्याची खोड फार वाढली आहे. त्या रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडांना इजा करतात. रक्तदाबवाल्याने त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

तेव्हा रक्तदाब आहे आणि दोरीची टोके मिळत नाहीत, अशा सभासदाने दवाखान्यात जाताना चार गोष्टी स्पष्ट मागून घ्याव्यात : लघवीतल्या सूक्ष्म अल्ब्युमिनची तपासणी, रक्तातले क्रिएटिनिन आणि साखर, ईसीजी, आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी. इको लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. लघवी शक्यतो सकाळची पहिली द्यावी; ताप असताना किंवा आदल्या दिवशी अंगमेहनतीचे जड काम झाले असेल तर देऊ नये, आकडा खोटा जास्त येतो. डोळ्यात थेंब टाकल्यावर दोन-चार तास अंधुक दिसते, त्या दिवशी मोटारसायकल स्वतः चालवू नये, बरोबर कुणाला तरी न्यावे. कमरेचा घेर, रक्तदाब आणि तपासण्यांचे आकडे एका वहीत तारखेसह लिहावेत, ऊसबिलाच्या पावत्या जपतो त्याच पिशवीत ती वही ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी सापडेल.